तीन पिवळ्या वायरी

दोन बॅटऱ्या मीच विकल्या तिला.
एक पोळ्याच्या आधी, दुसरी दिवाळी झाल्यावर,
दोन्ही वॉरंटी-कार्डं माझ्याच अक्षरातली.
तिसऱ्यांदा गंगासागर सिस्टर गाडी ढकलत आली
कुरुंदा फाट्यापासून, लसीचा डबा खांद्याला,
आणि बोलली काहीच नाही.
स्टँड लावला, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली,
रिक्षाला हात केला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दस्तगीर उस्ताद सांगायचे, पैले नाप, फिर बोल.
मी दोन्ही खेपेला आधीच बोललो होतो.

मीटर काढला. वरची धूळ शर्टाला पुसली.
गाडी बंद : बारा पॉइंट चार.
चालू करून रेस दिली : बारा पॉइंट एक.
अजून दिली : अकरा पॉइंट नऊ.
चढायचं सोडून उतरायला लागलं.
म्हणजे आत येतच नाही काही,
आणि मी दर खेपेला नवा रांजण आणून ठेवतोय
कोरड्या नळाखाली.

साइड पॅनल उघडलं. पांढरा कपलर चहाच्या रंगाचा,
एक पिन वितळून प्लास्टिकात बसलेली.
सापडलं, म्हणालो मोठ्यानं, दुकानात कुणी नसताना.
तोडला, वायरी सोलल्या, सोल्डर केलं, टेप मारली.
रेस दिली.
बारा पॉइंट एक.

मग तीन पिवळ्या वायरी, इंजिनातून येणाऱ्या.
बाहेर मोंढ्यात हळदीचे ढीग, पोरांच्या कोपरापर्यंत पिवळं,
आणि माझ्यासमोर ह्या तिघी.
पहिली-दुसरी : चाळीस व्होल्ट.
दुसरी-तिसरी : अठरा.
तिसरी-पहिली : सतरा.
गाडी बंद केली. एक टोक वायरीला, एक इंजिनाच्या बॉडीला.
इथं मीटरनं गप्प बसायला पाहिजे.
बीप.
दुसरीला लावलं, बीप. तिसरीलाही.
आत तिघी एकाच गाठीला बांधलेल्या,
एकीला भाजलं की तिघी ओरडतात.

कव्हर खोललं. काही दात मधासारखे,
चार मात्र चुलीतल्या वांग्यासारखे काळे.
नवी कॉइल नांदेडहून चार दिवसांनी.
सिस्टरचं तांड्यावर लसीकरण परवा.

नौशादबी पंपाच्या मोटारी भरते, मशिदीच्या मागं.
कॉइल हातात फिरवून हसली,
"इत्तीसी? ये तो छोरी का कंगन है."
मग तांब्याची तार, मग मोजणी.
मी एकदा विचारलं, चहा सांगू का?
तिनं डोळ्यानंच गप्प केलं :
बासठ, तिरसठ, चौसठ.
वार्निश लावून खोक्यात ठेवली, दोनशेच्या बल्बखाली, रातभर.
सकाळी अजून गरम होती. फडक्यात बांधून आणली.

नवं गॅस्केट, नवं ऑइल. किक.
तेरा सहा.
रेस दिली, चौदा दोन.
अजून दिली, चौदा दोनच.
मी उगाच पाच मिनिटं तसाच आकड्याकडं बघत बसलो.

संध्याकाळी ती आली तेव्हा लाइट गेलेली,
दुकानात माझा एकच बल्ब, बॅटरीवरचा.
बिलात मजुरी लिहिली नव्हती.
तिनं ते वाचलं, मग बल्ब बघितला,
बल्बापासून वायरीवरून खाली खाली येत
स्टुलाखाली थांबली.
"ही पोळ्याच्या टायमाची ना? माझी?"
भंगारात घेतली होती तिच्याकडून, दीडशे कापून.
एकदा चार्ज केली होती फक्त.
तेव्हापासून जळतोय बल्ब.
ही मेलेली नाही, हे मला त्या दिवशीच दिसलं होतं.
तरी दुसरी विकली.

"व्हय," म्हणालो.
"उपकेंद्रात रातच्याला अंधार ऱ्हातोय," म्हणाली. "सोडा ती."
मी नट ढिले केले. लाल आधी नाही, काळी आधी.
दुकान गेलं.
हेडलाइटच्या उजेडात तिनं बॅटरी कॅरियरला बांधली,
गाठ ओढून बघितली, दोनदा,
आणि निघाली. वळणावर इंडिकेटर दिला तिनं,
रस्त्यावर कुणी नसताना.

दहाचा पाना कुठं ठेवला ते
मी अंधारात चाचपत राहिलो.